दाणा धरणारा माणूस



गुऱ्हाळावर आपण सगळेच कधी ना कधी गेलेलो आहोत. काहिलीत रस उकळत असतो. चुलवाणात चिपाडं सारणारा घामाघूम झालेला असतो. आणि काहिलीच्या कडेला एक माणूस नुसता उभा असतो. पोरासोरांना वाटते, हा काहीच करत नाही. पण सारे गुऱ्हाळ त्याच्याकडे डोळे लावून असते. तो गुळव्या. भेंडीचं पाणी केव्हा घालायचं, मळी केव्हा काढायची, जाळ केव्हा ओढायचा, हे तोच सांगतो. शेवटी चिमूटभर पाक तो थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून पाहतो आणि म्हणतो, "उतरवा." थोडा आधी उतरवला तर गूळ चिकट राहतो, थोडा उशीर झाला तर करपतो. ऊस मालकाचा, काहील मालकाची, जाळ मजुराचा. पण गूळ साधतो तो गुळव्यामुळे.

आज मी ज्या कामाविषयी बोलणार आहे, ते काम अगदी नवे आहे. त्याचे नावही आपल्या तोंडी बसलेले नाही. पण ते काम करणारा माणूस या गुळव्याचाच भाऊबंद आहे, असे माझे मत झाले आहे. ते कसे, ते सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. राहुरीकडच्या एका वाडीवरचा. मी इतिहासाचा शिक्षक आणि तो विज्ञान शाखेचा. तरीही इतिहास मंडळाच्या सहलीला तो हटकून यायचा. पुढे तो पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाला आणि दूर परराज्यातल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला. हुद्दा प्रोसेस इंजिनिअर. गेल्या दिवाळीत त्याच्या घरी फराळाला गेलो होतो. त्याच्या आईने ताट पुढे ठेवले आणि हळूच विचारले, "सर, हा तिकडं नेमकं काय करतो, तुम्हीच सांगा. लोकं विचारतात. डॉक्टर नाही, मास्तर नाही, कारखान्यातबी नाही. मी काय सांगू?"

मला उत्तर देता आले नाही. मी विषय बदलला. पण ती गोष्ट मनाला लागून राहिली. इतिहासाच्या माणसाची एक खोड असते. एखादी वस्तू समजली नाही की तो तिचे पूर्वज शोधू लागतो. मीही तेच केले. आणि नवल असे, की पहिला पूर्वज मला आपल्या नगरातच सापडला.

मोठ्या आवाजाच्या वक्त्याला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो. ही तोफ खरोखरीची आहे. आज ती विजापूरच्या तटावर, शेरजी बुरुजावर आहे. तिचे तोंड जबडा वासलेल्या सिंहासारखे असून त्या जबड्यात हत्ती सापडलेला दाखवला आहे. लांबी चौदा फुटांहून अधिक, वजन सुमारे पंचावन्न टन. पण ती विजापूरची नव्हे. ती ओतली गेली अहमदनगरात, १५४९ साली, बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दीत. २०२४ साली ज्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले, त्याच आपल्या शहरात. ओतणारा होता एक तुर्की उस्ताद. त्याला रूमीखान म्हणत. पुढे ही तोफ परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि तेथून १६३२ च्या सुमारास विजापूरला नेली गेली.

तोफेचा धातू काशाचा आहे. सुमारे ऐंशी भाग तांबे आणि वीस भाग कथील, म्हणजे घंटेचा धातू. आता एवढा अजस्र ऐवज ओतायचा म्हणजे काय, याचा विचार करा. एका भट्टीत मावेल एवढा हा रस नव्हे. अनेक भट्ट्या एकाच वेळी तयार हव्यात, सगळ्यांचा रस सारखा तापलेला हवा, आणि ओत एकदा सुरू झाली की खंड पडता कामा नये. मुशीत ओल राहिली तर वाफ होऊन सगळे फुटेल. ओतल्यावर घाईने गार केले तर तडा जाईल. यातले कोणतेही काम पराक्रमाचे नाही. हे सारे वेळेचे, उष्णतेचे आणि प्रमाणाचे काम आहे. रूमीखान हा तोफखान्याचा माणूस खरा. पण ओतीच्या त्या दिवशी तो गुळव्याच होता.

१८५४ साली इंग्रज सरकारने ही तोफ भंगार म्हणून लिलावात काढली, तेव्हा सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. एका अधिकाऱ्याला ही किंमत लाजिरवाणी वाटली, त्याने विक्री थांबवली आणि म्हणून तोफ वाचली. धातू वाचला, श्रोतेहो. पण भट्ट्या किती होत्या, रस किती वेळ तापवला, मूस कशी सुकवली, ती वही आपल्यापाशी नाही. उस्ताद गेला आणि त्याच्याबरोबर ती रीतही गेली. आपल्याकडे हे असे पुष्कळदा झाले आहे. वस्तू मागे राहते, रीत जाते.

दुसरा पूर्वज चारशे वर्षांनंतरचा. प्रवरानगरचा साखर कारखाना. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी उभा राहिलेला हा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. सहकाराचा इतिहास आपल्याला पाठ आहे. मी आज दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधतो. कारखान्यात पॅन नावाचे मोठे बंद भांडे असते. त्यातली हवा काढून घेऊन कमी उष्णतेवर उसाचा पाक आटवतात. पाक पुरेसा घट्ट झाला की त्यात साखरेचे बारीक बी सोडतात. त्या बियाभोवती दाणा वाढू लागतो. पॅनवरचा माणूस मधूनमधून सळईने नमुना बाहेर काढतो, काचेवर पसरून उजेडात पाहतो, बोटांत चोळतो. पाक फार घट्ट झाला तर नको तिथे नवे बारीक दाणे उमटतात, त्यांना खोटा दाणा म्हणतात. खोटा दाणा आला की साखर बिघडली. येथेही डोळा आणि बोट गुळव्याचेच. पण त्याच्या जोडीला आता तापमापक आहे, दाबमापक आहे, प्रयोगशाळेतला केमिस्ट आहे आणि पाळीगणिक भरायची वही आहे. रूमीखान आणि पॅनवरचा माणूस यांच्यातला फरक मुख्यतः या वहीचा आहे.

आता तिसऱ्या भावाकडे येतो. तो आमचा विद्यार्थी.

तुमच्या मोबाइलमध्ये, मोटारीत, आणि आज ज्यावर हे भाषण ऐकता त्या रेडिओतही, सिलिकॉन नावाच्या मूलद्रव्याचे बारके तुकडे असतात. सिलिकॉन मिळते वाळूतल्या गारगोटीपासून. पण ते इतके शुद्ध करावे लागते की शंभर कोटी अणूंत एखादाच परका अणू राहावा. मग ते १४१४ अंश सेल्सिअसला वितळवतात आणि त्या रसात सिलिकॉनचेच एक छोटे बी टेकवून, फिरवत फिरवत हळूहळू वर ओढतात. बियाभोवती रस गोठतो आणि एकसंध कांडे तयार होते. साखरेचा दाणा धरतो तसाच हा दाणा धरणे. ही युक्ती चोक्राल्स्की नावाच्या पोलिश शास्त्रज्ञाने १९१६ साली बर्लिनमध्ये शोधली. लिहिता लिहिता त्याने टाक दौतीऐवजी चुकून वितळलेल्या कथलात बुडवला आणि वर काढला तर टोकाला धातूची तार लोंबत होती, अशी हकिगत सांगतात. या कांड्याच्या पातळ चकत्या कापतात. आरशासारख्या गुळगुळीत. या चकतीवरच आमच्या विद्यार्थ्याचे सारे काम चालते.

१६ डिसेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. शॉकली त्यांचा प्रमुख. आपल्या खेड्यांत तर पुढे रेडिओलाच लोक ट्रान्झिस्टर म्हणू लागले. १९५८ साली किल्बीने आणि १९५९ साली नॉइसने एकाच तुकड्यावर अनेक भाग बसवण्याची वाट दाखवली. याच वर्षी डिसेंबरात फाइनमन या पदार्थवैज्ञानिकाने एका व्याख्यानात सांगितले, की वस्तू लहान करीत जाण्याला अजून तळाशी पुष्कळ जागा शिल्लक आहे. ही नावे पुस्तकांत आहेत आणि असायलाच हवीत. परंतु एक गोष्ट पुस्तकांत कमी सांगितली जाते. हे शोध लागले तरी वस्तू नीट बनत नव्हती.

याचे एक उदाहरण सांगतो. १९६० च्या सुमारास एक नवा, स्वस्त ट्रान्झिस्टर तयार झाला. सिलिकॉनवर काचेसारखा पातळ थर आणि त्यावर धातू, अशी त्याची घडण. आज जगातल्या बहुतेक चिप याच जातीच्या आहेत. पण सुरुवातीला तो भरवशाचा नव्हता. आज एक वागणूक, उद्या दुसरी. कित्येकांनी तो नाद सोडून द्यावा असे सुचवले. पुढे १९६५ साली स्नो, ग्रोव्ह, डील आणि सा या चौघांनी त्याची चिकित्सा करून गुन्हेगार दाखवून दिला. तो होता सोडियम. म्हणजे मीठच म्हणा ना. हाताच्या घामातले, पाण्यातले, भांड्यातले मीठ कणाकणाने त्या थरात शिरत होते. जगातला एक मोठा शोध अडून बसला होता तो घामाच्या मिठापायी. मग भांडी बदलली, पाणी बदलले, हातमोजे आले, धुण्याची ठरलेली रीत आली.

धूळ ही दुसरी वैरीण. अमेरिकेत व्हिटफील्ड नावाच्या माणसाने १९६० च्या सुमारास तिच्यावर तोड काढली. आपण खळ्यावर उपणतो तेव्हा काय करतो? वारा एकाच दिशेने वाहतो, भुसा त्याच्याबरोबर जातो, धान्य खाली पडते. वारा घुमू लागला की भुसा परत धान्यात. व्हिटफील्डने खोलीतली हवा छतातल्या गाळण्यांतून शांतपणे, एकाच दिशेने खाली जमिनीकडे वाहती ठेवली. धूळ उडायची थांबली. तीच आजची क्लीन रूम. चांगल्या क्लीन रूममध्ये घनफूटभर हवेत, म्हणजे तेलाच्या दोन डब्यांत मावेल एवढ्या हवेत, अर्ध्या मायक्रॉनहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त नसतात. आपल्या साध्या खोलीत ते लाखांनी असतात.

आता नॅनो हा शब्द. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. आपले नख दर सेकंदाला सुमारे एक नॅनोमीटर वाढते. मी हे वाक्य बोलेपर्यंत तुमचे नख जेवढे वाढले, तेवढ्या मापाचे काम तेथे चालते. अशा मापावर एक धुळीचा कण म्हणजे बाजरीच्या शेतात कोसळलेली दरड.

ही यंत्रे फार महाग. एकेका प्राध्यापकाला ती घेणे शक्य नाही. म्हणून १९७७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात देशभराच्या संशोधकांसाठी एक सामाईक प्रयोगशाळा उघडली गेली. विहीर एक, मोट ज्याने त्याने आपापल्या पाळीने चालवायची, असा हा मामला. आपल्या देशातही या विद्येची सुरुवात फार उशिरा झाली असे नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६२ साली जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनू लागले. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने १९८४ साली चिपचे उत्पादन सुरू केले. परंतु फेब्रुवारी १९८९ मध्ये तेथे मोठी आग लागली आणि वर्षानुवर्षांची घडी विस्कटली. यंत्रे पुन्हा आणता येतात. बसलेली घडी पुन्हा बसवायला किती काळ लागतो, ते ज्याचे दावणीचे बैल एकदम गेले त्या शेतकऱ्याला विचारावे.

पुढे २००६ साली केंद्र सरकारच्या पैशाने मुंबईची आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था या दोन ठिकाणी नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे सुरू झाली. पवईच्या त्या केंद्रात सिलिकॉनच्या चकतीवर सुरुवातीपासून शेवटापर्यंत काम करता येते. २००८ पासून एक योजना अशी आहे, की देशातल्या इतर महाविद्यालयांतले शिक्षक आणि विद्यार्थी आपला प्रस्ताव पाठवून तेथे शिकू शकतात, यंत्रे वापरू शकतात. नगर, संगमनेर, लोणी, कोपरगाव येथल्या विज्ञान शिक्षकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती विहीर आपलीही आहे.

या साऱ्यात प्रोसेस इंजिनिअर काय करतो? मागच्या उन्हाळ्यात मी मुद्दाम आमच्या विद्यार्थ्याकडे गेलो. मला आत सोडले नाही, आणि ते योग्यच केले. काचेच्या भिंतीतून पाहिले. आत सगळीकडे पिवळा उजेड. फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत जसा लाल दिवा असे, तसाच हा प्रकार. चकतीवर जो लेप लावतात तो निळ्या-जांभळ्या उजेडाने बदलतो, म्हणून पिवळा दिवा. माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, फक्त डोळे दिसत होते. माझा विद्यार्थी कोणता ते मला चालण्यावरून ओळखावे लागले.

संध्याकाळी त्याने कामाचा क्रम सांगितला. चकती आधी रसायनांत धुवायची: पहिल्यांदा अमोनियाच्या आणि नंतर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या पाण्यात. मग भट्टीत नऊशे ते अकराशे अंशांवर तापवून तिच्यावर काचेसारखा थर वाढवायचा. हा थर किती जाड झाला ते मोजायला यंत्र असते. पण जुना माणूस रंगावरून अंदाज सांगतो. पाण्यावरच्या तेलाचे रंग दिसतात ना, तसेच. शंभर नॅनोमीटरच्या आसपास जांभळट, दीडशेच्या आसपास निळा. मग चकती गरगर फिरवून लेप लावायचा, भाजायचा, नक्षीच्या मास्कमधून त्यावर प्रकाश पाडायचा, न लागणारा भाग धुऊन काढायचा. रांगोळीच्या छापासारखे. मग कोरायचे, धातू चढवायचा, पुन्हा तापवायचे. एका वस्तूसाठी अशा पन्नास-शंभर पायऱ्या. प्रत्येक पायरी शंभरात नव्याण्णव वेळा साधली, तरी शंभर पायऱ्यांनंतर शंभरातल्या सदतीस-एक चकत्याच हाती लागतात. शिक्षकांनी हे गणित वर्गात मुलांकडून करवून घ्यावे.

"आणि तू यातलं काय करतोस?" मी विचारले.

"सर, संशोधन करणारे विद्यार्थी येतात आणि जातात. त्यांना आपली चकती हवी असते. मला ती पायरी सांभाळायची असते. भट्टी काल जशी होती तशीच आज आहे का, हे मी रोज सकाळी एक कोरी चकती घालून बघतो. कुणी सोनं लावलेली चकती चुकून त्या भट्टीत घातली, तर पुढच्या सगळ्यांचं काम बाटलं. म्हणून कुठं काय जाईल, हे मला बघावं लागतं. नव्या पोरांना शिकवायचं. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत जाऊन शरीरातला कॅल्शियम धरतं. सुरुवातीला दुखतसुद्धा नाही. त्याचं मलम कुठं ठेवलंय, ते यंत्राच्या आधी शिकवतो."

मग त्याने एक गोष्ट सांगितली. ती सांगण्यासाठीच खरे तर हे भाषण आहे.

तो नोकरीला लागला त्याच वर्षी तेथले एक जुने तंत्रज्ञ निवृत्त झाले. त्यांच्या हाताला यश होते. पावसाळा सुरू झाला आणि अचानक चकतीवरचा लेप टिकेनासा झाला. धुताना नक्षी सुटून यायची. एक चकती नाही, दोन नाही, सगळ्याच. लेपाची बाटली बदलली, यंत्र तपासले, पाणी तपासले. तीन आठवडे गेले. एका मुलीचे पीएच.डी.चे काम अडले, तिची शिष्यवृत्ती संपत आली होती. ती बाहेरच्या बाकावर बसून रडली, असे तो म्हणाला. कागदावर लिहिलेली रीत तर तंतोतंत पाळली जात होती. शेवटी त्याने त्या निवृत्त गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, पावसाळ्यात हवा दमट होते. मी लेप लावायच्या आधी चकती दहा मिनिटं गरम तव्यावर ठेवायचो. ओल निघून जाते. सवयीनं करत होतो. लिहायचं राहून गेलं."

दहा मिनिटे. तेवढे केले आणि लेप बसला.

श्रोतेहो, रूमीखानाच्या मुशीतही ओलच शत्रू होती. त्याच्या उस्तादीचे जे झाले, तेच या तव्याचे होणार होते. फोनवर उत्तर देणारा माणूस हयात होता आणि बोलायला राजी होता, एवढाच फरक. माझ्या विद्यार्थ्याने त्या दिवसापासून प्रत्येक पायरीच्या कागदावर एक रकाना वाढवला आहे: "लिहिलेलं नाही, पण मी करतो ते." सगळ्यांनी भरायचा. सुरुवातीला लोक हसले. आता भरतात.

या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शोधनिबंध छापला जातो तेव्हा त्यावर प्राध्यापकाचे नाव असते, विद्यार्थ्याचे असते. प्रक्रिया सांभाळणाऱ्याचे नाव बहुधा शेवटी, आभारांत. अशा पुष्कळशा जागा प्रकल्पावरच्या असतात, प्रकल्पाची मुदत संपली की जागेची संपते. ज्याच्यापाशी रीत आहे तोच माणूस दर तीन वर्षांनी दुसरी नोकरी शोधतो. देशात आज चिपच्या कारखान्यांची मोठी बोलणी आहेत. २०२१ च्या अखेरीस केंद्र सरकारने त्यासाठी मोठी योजनाही जाहीर केली. यंत्रे पैशाने येतील. पण यंत्रापाशी दहा-पंधरा वर्षे टिकून उभे राहणारे हात कोठून आणायचे, हा प्रश्न कारखान्याच्या कोनशिलेहून मोठा आहे. गुळव्याला दर हंगामात बदलणारा गुऱ्हाळमालक आपण पाहिला आहे. त्याच्या गुळाला बाजारात काय भाव येतो, तेही पाहिले आहे.

कोणी विचारील, आमच्या शेताला याचा काय उपयोग? पवईच्याच संस्थेतल्या संशोधनातून जमिनीतला ओलावा सांगणारे स्वस्त उपकरण तयार झाले आहे. आपल्यासारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यात, पाण्याची पाळी केव्हा द्यायची हे कळणे म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. बारकी वस्तू आणि मोठे शिवार यांचा संबंध असा आहे.

आता शिक्षकमित्रांना एकच विनंती. शाळेत महागडी यंत्रे नसतील. पण प्रयोगवही आहे. मुले त्या वहीत फक्त बरोबर आलेले उत्तर लिहितात, कारण आपण तेवढ्यालाच गुण देतो. फसलेला प्रयोग लिहिणाऱ्या मुलालाही गुण द्या. आणि सुट्टीत मुलांना गावातल्या गुळव्याकडे, तांबटाकडे, कुंभाराकडे, विहीर बांधणाऱ्या गवंड्याकडे पाठवा. तुम्ही काय करता असे विचारू नका म्हणावे. पावसाळ्यात वेगळे काय करता, थंडीत वेगळे काय करता, असे विचारा. खरी विद्या तेथे असते.

माझ्या विद्यार्थ्याने हे स्वतः करून पाहिले. त्याचे चुलते गुळवे आहेत. सुट्टीत त्याने त्यांच्या गुळाची रीत पायरी-पायरीने कागदावर उतरवली. चुलते हसले. म्हणाले, "लिहून कुठं गूळ होतो का रे?" त्याने कागद वाचून दाखवायला सुरुवात केली. तिसऱ्या पायरीला चुलते म्हणाले, "थांब, तसं नाही. नव्या जमिनीतल्या उसाला निवळी कमी लागती." सातव्या पायरीला पुन्हा थांबवले. कागद संपेपर्यंत पाच ठिकाणी दुरुस्ती झाली होती. यातली एकही गोष्ट त्यांनी आजवर कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणी विचारलीच नव्हती. तो कागद आता त्यांच्या घरी, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहे.

परवा त्या माउलीची बाजारात गाठ पडली. मी म्हटले, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं मला." गुऱ्हाळाची, भट्टीची, तव्याची सारी गोष्ट मी त्यांना तेथेच भाजीच्या पाटीशेजारी उभा राहून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "असं होय. मग गुळव्याच म्हणायचा की. आमच्या घरात ते हायेच."

श्रोतेहो, मला जे सांगायला एवढा वेळ लागला, ते त्यांनी पिशवी उचलता उचलता सांगितले.